ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताना: तपासणी, खोलणं, बसवणं

बावीसचा_पाना

पेट्रोल गाड्यांपुरता धागा आहे. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणारा. डिझेलचं तंत्र वेगळं, ते इथे नको.

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०१३३ नाहीतर पी०१४१ दाखवतो आणि लगेच सेन्सरची ऑर्डर जाते. नवा सेन्सर बसतो, आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. मग कळतं की हीटरचा फ्यूज उडालेला होता किंवा मॅनिफोल्डच्या गास्केटमधून हवा शिरत होती. त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये किंवा वाचनात काहीतरी खटकलं, एवढंच कोड सांगतो. सेन्सर मेला हा निष्कर्ष आपण काढतो. म्हणून आधी तपासणी लिहितो, पान्याचं काम नंतरच्या प्रतिसादात.

आधी कोणता सेन्सर ते ठरवा. एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक १. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुतेक एकच बँक असते. कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधीचा तो सेन्सर १ म्हणजे पुढचा, कॅटनंतरचा सेन्सर २ म्हणजे मागचा. मिश्रण किती जाड (पेट्रोल जास्त) किंवा पातळ (हवा जास्त) ठेवायचं हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पुढच्याकडे बघून ठरवतो. मागच्याचं मुख्य काम कॅट नीट चाललाय का ते बघणं. त्यामुळे ॲव्हरेज पडलं म्हणून मागचा बदलून हाती फारसं काही लागत नाही.

पी०१३० ते पी०१३५ हे कोड पुढच्याचे, पी०१३६ ते पी०१४१ मागच्याचे. त्यातले पी०१३५ आणि पी०१४१ हीटरचे. पी००३० ते पी००३२ आणि पी००३६ ते पी००३८ हेही हीटरच्याच सर्किटचे. आतलं झिर्कोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून हीटर लागतो.

हीटरचा कोड तपासायला सगळ्यात सोपा. इंजिन थंड असताना कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी आहेत त्यांच्यात मल्टिमीटर ओहमवर लावा. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. चार वायरींच्या साध्या सेन्सरला थंडपणी साधारण ५ ते १५ ओहम मिळायला हवेत. पाच वायरींच्या वाइडबँडला (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर) २ ते ४. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, सेन्सर बदला.

ओहम बरोबर आले तर सेन्सरला हात लावू नका. हार्नेसच्या बाजूच्या कपलरमध्ये, चावी ऑन करून, हीटरच्या एका पिनेवर बॅटरीएवढे व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज आणि रिले तपासा. फ्यूज उडालेला सापडला तर नुसता नवा घालू नका, वायर कुठे सायलेन्सरला टेकून वितळलीय ते शोधा. क्लिप तुटून वायर खाली लोंबली की असं होतं.

सिग्नलची तपासणी लाइव्ह डेटावर (स्कॅनरवर चालू गाडीचे दिसणारे आकडे) करा. इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर धरा. पुढचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा, ०.४५ ही मधली रेघ, वर म्हणजे जाड, खाली म्हणजे पातळ. दहा सेकंदांत सात-आठ वेळा ती रेघ ओलांडली तर प्रकृती चांगली. मोकळ्या रस्त्यावर गिअरमध्ये ३००० च्या आसपास नेऊन ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीयू पेट्रोल तोडतो, सेन्सर ०.१ च्या खाली आला पाहिजे. पुन्हा जोरात दाबलं की ०.८ च्या वर. ही दोन्ही टोकं झटकन गाठणारा सेन्सर जिवंत आहे. आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा, गाडी चालवताना फोनकडे बघू नका.


मल्टिमीटर

चांगली सुरुवात. एक भर घालतो, कारण इथे खूप जण फसतात. टोयोटा आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत पुढे साधा ऑक्सिजन सेन्सर नसतो, ए/एफ (हवा-इंधन प्रमाण मोजणारा) सेन्सर असतो. कपलर सारखा, वायरी चारच, दिसायलाही तसाच, पण भाषा उलटी. टोयोटाच्या ए/एफला डेटामध्ये ३.३ व्होल्टच्या आसपास स्थिर राहणं हे आरोग्य आहे. व्होल्ट वाढले की मिश्रण पातळ, कमी झाले की जाड. साध्या सेन्सरच्या बरोबर विरुद्ध. काही स्वस्त स्कॅनर हाच आकडा पाचाने भागून ०.६६ दाखवतात. तो बघून "सेन्सर अडकलाय, वरखाली होत नाही" असा निकाल देऊ नका. पुढच्या जागी ए/एफ मागवायचा की साधा, हे पार्ट नंबरवरूनच ठरवा. एकाच्या जागी दुसरा बसतो, आटे जुळतात, पण गाडी नीट चालत नाही.


नवशिक्या_पुणे

बीएस ४ हॅचबॅक, चार सिलिंडर, कोड पी०१७१ (मिश्रण पातळ). आयडलला लाँग टर्म ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) +२० आणि शॉर्ट टर्म +५, पुढचा सेन्सर ०.१ ते ०.२ वरच बसून. २५०० वर दोन्ही ट्रिम मिळून +५ आणि सेन्सर व्यवस्थित वरखाली. मेकॅनिक सेन्सर बदला म्हणतोय. बदलू का?


बावीसचा_पाना

नका बदलू. तुमचा सेन्सर खरं बोलतोय. आयडलला मिश्रण पातळ आहे आणि ईसीयू पंचवीस टक्के पेट्रोल वाढवूनही ते भरून निघत नाही. २५०० वर तोच सेन्सर नीट चालतोय, म्हणजे तो मेलेला नाही.

आयडलला ट्रिम जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर खाली, ही थ्रॉटलनंतर कुठेतरी हवा शिरत असल्याची खूण. आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यात बाहेरून शिरलेली थोडी हवाही मोठा हिस्सा होते. २५०० वर तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते. इनटेक मॅनिफोल्डचं गास्केट, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातल्या वाफा इनटेकला नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरची होज, कॅनिस्टर पर्जचा (टाकीतल्या वाफांचा) पाइप हे सगळं बघा. रबरी पाइप वाकवून बघा, वरून ठीक दिसणारा पाइप कोपऱ्यात खालच्या बाजूने चिरलेला असतो.

याच्या उलट, म्हणजे आयडलला ठीक आणि चढावर किंवा जोर दिल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा गाडीत एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असेल तर तो मळलाय.


सायलेन्सर_७२

+१. पातळ दाखवणारी आणखी दोन कारणं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर गॅसच्या प्रत्येक धक्क्यामागून तिथून हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी उगाच जास्त पिते. सकाळी थंड इंजिनवर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक आवाज आणि जोडावर काजळीची काळी रेघ, ही त्याची ओळख.

दुसरं मिसफायर. पेट्रोल जळलंच नाही तर सोबतचा ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल मोजत नाही. प्लगला वास येईल इतकं पेट्रोल असतानाही तो पातळ सांगतो. पी०३०० च्या घरातला (मिसफायरचा) कोड सोबत असेल तर आधी प्लग आणि कॉइल.


बावीसचा_पाना

आता खोलण्याचं. सेन्सर खराब आहे हे पक्कं झालं आणि नवा हातात आला, मगच सुरुवात करा. नव्याचा कपलर जुन्याशी जुळवा, पिनांची संख्या, लॉकची बाजू आणि वायरची लांबी ताडून घ्या.

चारचाकीतल्या जवळपास सगळ्या सेन्सरचे आटे १८ एमएम, दीड पिचचे, आणि वरचा षटकोन २२ एमएम. लागणारं सामान: बाजूला खाच असलेली २२ ची सेन्सर गोटी (सॉकेट), २२ चा रिंग पाना, अर्धा इंची चौकोनाची लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), पेनिट्रेटिंग ऑइल, टॉर्क पाना, चष्मा, जाड हातमोजे. खालून जायचं असेल तर दोन घोडे (जॅक स्टँड) आणि चाकांना गुटके. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला असेल तर हीट शील्डचे दोन-तीन बोल्ट काढले की पुढचा सेन्सर वरूनच दिसतो. मॅनिफोल्ड फायरवॉलच्या बाजूला असेल तर वरून बोटं जेमतेम पोचतात, बऱ्याचदा खालून लांब एक्स्टेन्शन लावून सोपं जातं. शील्डचे बोल्ट १० चे आणि गंजलेले असतात, सेन्सरआधी तेच मोडतात. त्यांनाही आदल्या रात्री तेल द्या.

सेन्सरच्या बुडाशी (एक्झॉस्टवरची, सेन्सर ज्यात बसतो ती आट्यांची कडी), आट्यांच्या कडेने, थंड इंजिनवर तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, मोज्याने धरवेल इतपत निवू द्या. लालबुंद तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल मारायचं नाही, ते पेट घेतं. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये हे इंजिन चालवायचं काम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा, कपलर सोडवा. कपलरचं लॉक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर तुटतं. आधी कपलर आत ढकला, मग लॉक दाबा, मग ओढा.

पाना लावल्यावर पहिला हिसका घट्ट करायच्या दिशेने, अगदी जरासा. गंजाची पकड तुटते. मग सैल करायच्या दिशेने. सुटला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा पाव फेरा. किरकिर आवाज येतोय आणि जोर वाढतोय असं वाटलं तर थांबा आणि परत आत फिरवा. तसाच ओढून काढला तर सेन्सरबरोबर बुडाचे आटे बाहेर येतात आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.


कोकणकडा

किनारपट्टीवरच्या गाड्यांसाठी सांगतो. खारी हवा लागलेल्या सायलेन्सरवर खाचेची गोटी पहिल्याच जोरात फाकते आणि षटकोनाचे कोपरे गोल करून टाकते. खाच असल्यामुळे तिची एक भिंतच नसते, म्हणून ती उघडते. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा आहे ना, मग वायर सेन्सरच्या डोक्याजवळ कापा आणि सहा कोनी, बंद, खोल २२ ची गोटी लावा. बारा कोनी नको. सगळ्या कोपऱ्यांना पकड मिळते आणि टॉमीवर पूर्ण जोर देता येतो. वायर मात्र नवा सेन्सर पडताळल्यावरच कापायची. नाहीतर चुकीचा पार्ट आला तर गाडी जागेवरच.

तेलाने दाद दिली नाही तर उष्णता. टॉर्चची ज्योत सेन्सरवर नको, त्याच्या भोवतालच्या बुडावर धरायची. बूड प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. आधी मारलेलं तेल पूर्ण पुसून घ्या, शेजारची रबरी बुटं, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग बघा, अग्निशामक जवळ ठेवा. यातलं काहीही जमण्यासारखं नसेल तर हे काम सायलेन्सरवाल्याकडे न्या. त्याच्याकडे गॅस असतो आणि हातही बसलेला असतो.


टॉर्कताई

बसवण्याचं मी लिहिते.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) आधीच लावलेलं असतं, करडा किंवा तपकिरी लेप दिसतो. तो असेल तर वरून आणखी काही नको. नसेल तर सोबत आलेल्या पुडीतलं, किंवा सेन्सरसाठी चालणारं निकेलचं अँटीसीझ, फक्त आट्यांवर, पातळ. टोकाच्या जाळीला एक थेंबही लागू देऊ नका, बोटही लावू नका. टोक सिमेंटवर आपटलं तर आतलं सिरॅमिक तडकतं, बाहेरून काही दिसत नाही. पडलेला सेन्सर बसवायचा नाही.

जुना सेन्सर काढल्यावर बुडाचे आटे बघा. काळी घाण असेल तर १८ एमएम दीड पिचचा थ्रेड चेझर (आटे साफ करायचं हत्यार) हाताने फिरवा. त्याच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, कॅटकडे जात नाही. ग्रीस नंतर पूर्ण पुसा. कापणारा टॅप असेल तर तो सरळ लागलाय याची दोनदा खात्री करा, वाकडा गेला तर चांगले आटेही कापतो.

नवा सेन्सर पहिले तीन-चार फेरे बोटांनीच गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर पाना लावून काही होणार नाही, आटे तिरके बसलेत. कपलर शेवटी जोडा, आधी जोडला तर वायर पिळली जाते. कपलर आधीच ओवावा लागत असेल तर वायरला उलट्या दिशेने चार वेढे देऊन सुरुवात करा, सेन्सर घट्ट होईपर्यंत ते सुटतात.

टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच वापरा. १८ एमएमसाठी तो बहुतेक ४० ते ४५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. स्पार्क प्लगपेक्षा बराच जास्त, चाकाच्या नटपेक्षा बराच कमी. क्रोफूट पाना (टॉर्क पान्याच्या टोकाला लावायचं उघडं तोंड) लावत असाल तर तो टॉर्क पान्याला काटकोनात ठेवा, म्हणजे आकडा बदलत नाही. सरळ रेषेत लावला तर हात लांब होतो आणि प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

वायर जुन्या क्लिपांमधूनच न्या, एकही सोडू नका. झिप टाय एक्झॉस्टजवळ वितळतो, तिथे धातूची क्लिप.


मल्टिमीटर

ताईंच्या यादीत कपलरचा मुद्दा जोडतो. कपलरमध्ये कॉन्टॅक्ट स्प्रे, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे काहीही मारू नका. सेन्सरला आत बाहेरची स्वच्छ हवा लागते, तुलनेसाठी. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन आणि बाहेरचा ऑक्सिजन यांच्या फरकातूनच व्होल्ट तयार होतात. बऱ्याच सेन्सरमध्ये ही हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतून आत जाते. तिथे स्प्रेची वाफ शिरली की सिग्नल घसरतो, कधी शून्याच्या खालीही जातो.

याच कारणासाठी वायरीला डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका. वितळलेलं कथील तारांमधली फट बुजवतं. युनिव्हर्सल सेन्सर बसवायचाच असेल तर सोबत आलेले क्रिम्प जोड वापरा, प्रत्येक जोड वेगवेगळ्या अंतरावर घ्या आणि रंग डोळ्यांनी नाही, आकृतीवरून जुळवा. बॉशची काळी सिग्नलची, डेन्सोची काळी हीटरची. रंगाला रंग जोडला तर सिग्नलच्या वायरीवर १२ व्होल्ट जातील.

पाच वायरींच्या बॉश वाइडबँडचा कपलर कधीच कापू नका. त्या सेन्सरपुरता जुळवलेला एक छोटा रेझिस्टर कपलरच्या आत बसवलेला असतो. कपलर बदलला की मापन बिघडतं.


सीएनजीवाला

बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. गॅसवर पी०१७२ (मिश्रण जाड) येतो, पेट्रोलवर येत नाही. सेन्सर का किट?


सायलेन्सर_७२

सेन्सर तोच आहे, इंधन बदललं की कोड येतो आणि जातो. म्हणजे किटचं कॅलिब्रेशन. सीएनजीचं हवेशी प्रमाण सुमारे १७ ला १, पेट्रोलचं १४.७ ला १, हा फरक किटच्या ईसीयूने सांभाळायचा असतो. आधी पेट्रोलवर वीस-तीस किलोमीटर चालवून ट्रिम लिहून घ्या. ते ±५ च्या आत आणा. मग गॅसवर त्याच आरपीएमला, त्याच भाराला ट्रिम बघा आणि किटवाल्याकडून मॅप (किती इंधन द्यायचं त्याचं कोष्टक) तेवढ्याच आकड्यावर आणून घ्या. गॅस फिल्टर कधी बदलला तेही बघा. रिड्यूसरचा (गॅसचा दाब उतरवणारा भाग) दाब जास्त असेल तर आयडललाच जाड दाखवतो.

काही जुन्या किटमध्ये सेन्सरची वायर कापून मध्ये एम्युलेटर बसवलेला असतो, तो ईसीयूला खोटा सिग्नल देतो. तसं असेल तर लाइव्ह डेटावरचा आकडा सेन्सरचा नाही, एम्युलेटरचा आहे. तपासण्याआधी वायरचा माग काढा.


नवशिक्या_पुणे

हवा सापडली, पीसीव्हीचा पाइप बुडाशी चिरलेला. बदलल्यावर आयडलला एकूण +७. पण ते शून्यावर येत नाही. अजून काही राहिलंय का?


मल्टिमीटर

पंपावरचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल) असेल तर +७ मध्ये घाबरण्यासारखं काही नाही. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. इथेनॉल स्वतः ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून तितक्याच हवेला इंधन जास्त लागतं. बीएस ४ गाडीचा मूळ मॅप कमी इथेनॉल धरून केलेला, त्यामुळे ईसीयू चार ते आठ टक्के वाढवून ठेवतो. आयडलला आणि २५०० ला सारखाच +५ ते +७ असेल तर तो इंधनाचा. दोन्हींत मोठी तफावत असेल तरच पुन्हा गळती शोधा.

हे समजून न घेता पुष्कळ चांगले सेन्सर भंगारात जातायत, त्याचं वाईट वाटतं.


एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, कोकणकडांनी लिहिलेलं शब्दशः लागू. व्ही ६ वाल्यांसाठी भर: इंजिन आडवं असेल तर बँक कोणती हे नीट बघा. टोयोटाच्या २जीआर-एफई मध्ये आणि होंडाच्या जे सीरिजमध्ये बँक १ फायरवॉलच्या बाजूची, बँक २ रेडिएटरच्या बाजूची. पुढची सोपी दिसते म्हणून लोक तीच बदलतात आणि पी०१३५ जसाच्या तसा राहतो. पी०१५० ते पी०१६१ असेल तर बँक २.

बाहेर आलेल्या सेन्सरचं टोक फेकण्याआधी उजेडात बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. पांढरी, खडूसारखी पूड म्हणजे सिलिका: कूलंट आत जातंय किंवा कोणीतरी साधा सिलिकॉन सीलंट वापरलाय. तपकिरी चिकट राख म्हणजे इंजिन ऑइल खातंय. विटकरी थर म्हणजे बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरमधलं लोखंड किंवा मँगनीज. कूलंट आणि ऑइलचं कारण मिटवलं नाही तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो. टोक पेट्रोलने, ॲसिडने, तारेच्या ब्रशने धुऊन परत बसवायच्या भानगडीत पडू नका. विषबाधा सिरॅमिकच्या आत झालेली असते.


घाटमाथा

पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) आहे, बाकी काही नाही. मागचा सेन्सर बदलून जाईल का?


बावीसचा_पाना

फार क्वचित. मागचा सेन्सर गरम इंजिनवर, समान वेगात ०.६ ते ०.८ वर स्थिर असेल तर कॅट ऑक्सिजन साठवतोय. तो पुढच्याच्या तालावर वरखाली नाचत असेल तर कॅट संपलाय आणि मागचा सेन्सर ते इमानदारीने दाखवतोय. मुर्दाड सेन्सर नाचत नाही. आधी पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या मध्ये जोड गळतोय का बघा. आणि कॅट कशामुळे मेला, हे शोधा: मिसफायर, ऑइल किंवा जाड मिश्रण. ते न मिटवता नवा कॅट बसवला तर तोही जळेल.

सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढून बसवायचे स्पेसर विकायला असतात. ते लावू नका. दिवा विझतो, धूर तोच राहतो.


आटे_गेले

उशिरा धागा वाचला. सेन्सर निघाला पण बुडाचे निम्मे आटे त्याच्यासोबत आले. चेझर फिरवला, नवा सेन्सर दोन फेऱ्यांनंतर गरगर फिरतो.


कोकणकडा

आता आवळू नका, टेफ्लॉन टेप आणि एपॉक्सी तिथे टिकत नाहीत. दोन मार्ग. आटे वरच्या भागातच गेले असतील आणि बुडाला भिंत जाड असेल तर १८ दीडची इन्सर्ट (नव्या आट्यांची कडी) बसते, लेथवाल्याकडून करून घ्या. नाहीतर जुनं बूड कापून स्टेनलेसचं नवं बूड आर्गनने वेल्ड करा. बाजारात तयार मिळतं. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा असेल तर वेल्डिंग त्यातल्या जाणकाराकडूनच, साध्या वेल्डिंगला शेजारी तडा जातो.

वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढा, बुडात सेन्सर ठेवू नका. त्याऐवजी जुन्या सेन्सरचा रिकामा सांगाडा बसवा म्हणजे उष्णतेने आटे वाकत नाहीत. नवं बूड जुन्याच जागी आणि सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर राहील असं. खाली तोंड केलं तर एक्झॉस्टमधलं पाणी सेन्सरमध्ये साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं.


घाटमाथा

पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की मागच्या सेन्सरचा कोड येतो, तोही याचमुळे?


मल्टिमीटर

दोन शक्यता. तापलेल्या सेन्सरवर थंड पाणी बसून सिरॅमिक किंवा हीटर तडकला, तर ओहममध्ये दिसेल किंवा सिग्नल मेलेला असेल. दुसरी, कपलरमध्ये पाणी शिरलं. कपलर सोडवा, साध्या हवेने वाळवा, हिरवट गंज आहे का बघा, रबरी सील जागेवर आहे का बघा. कोड खोडून दोन दिवस चालवा. परत आला तरच सेन्सर.


टॉर्कताई

बसवल्यानंतरचं राहिलं होतं. बॅटरी जोडा, कोड खोडा, थंड इंजिन सुरू करून दहा मिनिटं आयडलला ठेवा. बुडाशी साबणाचं पाणी इंजिन तापायच्या आधीच लावून बुडबुडे बघा. जुने लाँग टर्म ट्रिम साठलेले असतात, ते रीसेट करता येत असतील तर करा, नाहीतर गाडी पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये स्वतःच शिकते. पहिल्या दिवशी आयडल जरा खालीवर होणं चालतं.

दिवा विझला म्हणून लगेच खूश होऊ नका. स्कॅनरवर रेडिनेसच्या (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का) यादीत ऑक्सिजन सेन्सर, हीटर आणि कॅट हे तिन्ही पूर्ण दिसेपर्यंत थांबा. त्यासाठी रात्रभर थंड झालेली गाडी, थोडा शहराचा रस्ता, मग दहा-पंधरा मिनिटं हायवेवर समान वेग, मग पाय सोडून गाडी आपोआप मंदावू देणं, असं दोन-तीनदा लागतं.

पीयूसीला त्यानंतर जा. बीएस ४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत लागतं, २५०० च्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (मिश्रणाचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर, वर म्हणजे पातळ) ०.९७ ते १.०३. लॅम्डा १.०३ च्या वर आणि ट्रिम शून्याजवळ असं दिसलं तर टेलपाइपकडे कुठेतरी सायलेन्सर गळतोय आणि मशीन बाहेरची हवा मोजतंय. सेन्सरला दोष देण्याआधी मफलरचा जोड बघा.


आटे_गेले

स्टेनलेसचं बूड बसवून घेतलं, जुन्या जागीच, १० अंशांच्या वर. सेन्सर बोटांनी पाच फेरे गेला, ४२ न्यूटन मीटरवर आवळला. हीटर ८.६ ओहम, २५०० वर दहा सेकंदांत नऊ वेळा रेघ ओलांडतो, एकूण ट्रिम +४. रेडिनेसमध्ये कॅट अजून अपूर्ण, बाकी दोन पूर्ण.


टॉर्कताई

कॅट सगळ्यात शेवटी होतो. हायवेची समान वेगाची फेरी टाकी पाव ते पाऊण भरलेली असताना घ्या, बऱ्याच गाड्या त्याबाहेर काही चाचण्या चालवतच नाहीत.